रबराखाली झाकलेली जागा

मी एक जुनी स्टीलची नळी आहे, मित्रांनो. आता अर्धीच उरले आहे. आधी नीट बसा, मग ऐका. मध्ये चुळबुळ मला खपत नाही.

मकासार बंदरात मोडीत निघालेल्या एका जहाजाच्या तुकड्यातून मला कातून काढलं आणि दाएंग रुरुंगच्या लाकडी होडीच्या बुडात बसवलं. समुद्राचं पाणी ओढून तापलेल्या इंजिनाला पाजायचं, हे माझं काम. मला बसवलेल्या बुडाच्या भोकातून पाणी झिरपू नये म्हणून माझ्या कमरेला ट्रकच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळली. वीतभर अंतरावर होडीची नाभी. आमच्याकडे होडी पाण्यात ढकलताना बुडाच्या मधोमध छोटा खळगा कोरून तिला नाभी पाडतात, जन्मलेल्या लेकरासारखी. त्यानंतर त्या जागेला लोखंडी हत्यार लावत नाहीत.

दरवर्षी हंगामाआधी रुरुंगची बायको, दाएंग बोल्लो, नाभीला खोबरेल लावायची आणि तेलाचा उरलेला हात माझ्यावरून फिरवायची.

"नऊ वर्षं झाली, एक डाग नाही! नाहीतर शेजारणीची नळी. कुत्र्याने चघळल्यासारखी दिसते."

मी फुगायचे. खोटं कशाला बोलू?

पण रबराखालचं मला ठाऊक होतं. माझी चमक हवेवर टिकते. पट्टीखाली खारं पाणी शिरलं आणि तिथेच कोंडलं. तिथे हवा पोचेना. ते पाणी मला कुरतडत राहिलं. बाहेरून आरसा, आतून भोकं.

दहाव्या वर्षी सांपारा मिस्त्री म्हणाला, "काकी, रबर सोडवून बघू द्या. असल्या नळ्या झाकल्या जागीच कुजतात."

"नाभीजवळ पाना लावतोस? स्वतःच्या आईच्या पोटाला लावशील का रे?"

सगळे हसले. रुरुंग म्हणाला, "राहू दे बाबा. होडी बुडाली तर एकदाच मरेन, हिच्याशी भांडलो तर रोज."

बोल्लोही हसली.

त्याच हंगामात रुरुंग एकटाच उडत्या माशांची अंडी गोळा करायला गेला. सोबतच्या होड्या पुढे निघून गेल्या होत्या. भर दुपारी इंजिनाने हादरा दिला आणि मी रबराखाली मोडले. वरचा तुकडा त्याच्या हातात आला.

"अगं, तू तर आरशासारखी होतीस!"

एवढंच बोलला. कमरेची लुंगी सोडून त्याने भोकात कोंबली आणि बादलीने पाणी उपसू लागला. सूर्य कलेपर्यंत उपसत होता. मग बादलीचा आवाज थांबला.

चौथ्या दिवशी होडी काठोकाठ भरून तरंगताना सापडली. तो नव्हता. भोकातली निळ्या चौकड्यांची लुंगी बोल्लोने ओळखली. ती ओढून काढली, मग माझी पट्टी नखांनी सोडवली आणि खाली कुजून पडलेल्या माझ्या भोकात करंगळी घातली.

आता कुठेही होडी हंगामाला निघायची असली की कुणी बोलावो न बोलावो, बोल्लो मला घेऊन हजर. आधी त्या होडीच्या मालकिणीची करंगळी माझ्या भोकात घालायला लावते. मग स्वतः सांपाराच्या हातात पाना देते. "सोडव," म्हणते. नाभीकडे बघत नाही.

मित्रांनो, माझं कौतुक करणारे पुष्कळ होते. उघडून बघा म्हणणारा एकच होता, आणि त्याला आम्ही हसलो. झाकलेली जागा वेळेवर सोडवून बघत जा.

आणि मला आता कुणी तेल लावू नका.