एकशे बारा घरांचं शून्य

नंदाच्या डाव्या मनगटावर चार खुणा होत्या. बोटाच्या रुंदीच्या, जवळजवळ समांतर. मध्ये जांभळ्या, कडांना पिवळसर, म्हणजे पाच-सहा दिवसांच्या. पाचवी, अंगठ्याची, आतल्या बाजूला होती.

"लांब बाह्यांचा ब्लाउज घाल," पोह्यांवर खोबरं पेरत सासूबाई शैलाताई म्हणाल्या. "गव्हर्नरच्या हातात मानपत्र तू देणारेस. फोटो निघतील."

१९८५ सालच्या त्या शनिवारी दुपारी गव्हर्नर व्हिटफील्ड अमेरिकेतल्या या गावच्या मराठी मंडळात येणार होते. त्यांनी कर कमी केले होते, तुरुंग वाढवले होते आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना ते उघड ऐतखाऊ म्हणत. मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे नंदाचे सासरे शंकरराव, यांना हे सगळं फार पटलं होतं. करात वाचलेल्या पैशांतून त्यांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला. अनुदान थांबल्यामुळे मारहाण झालेल्या बायकांसाठीचं गावातलं निवारा केंद्र बंद पडलं, हे त्यांच्या कानावर आलं नव्हतं. नंदाला ठाऊक होतं. मार्चमध्ये तिने तिथे फोन केला, तेव्हा नंबर बंद होता.

शंकरराव रसायनशास्त्रातले पीएचडी. मानपत्रासाठी त्यांनी रीतसर पाहणी केली होती. एकशे बारा घरं, प्रत्येक घरी फोन, दोन प्रश्न: सरकारी मदत घेता का, घरात कधी गुन्हा घडला का. प्रश्न फक्त कुटुंबप्रमुखाला. दोन्हींना 'हो' म्हणणारी घरं शून्य. मारणाऱ्यालाच विचारून मिळवलेला असा आकडा त्यांनी प्रयोगशाळेत पाच मिनिटंही टिकू दिला नसता. इथे तो सोनेरी अक्षरांत छापला.

"एकदा वाचून दाखव," कॅमेरा डोळ्याला लावत ते नंदाला म्हणाले.

"अ‍ॅक्सेंट सांभाळ हं," सोफ्यावरून तिचा नवरा चारुदत्त हसला. "नाहीतर त्यांना वाटेल, वेल्फेअरवरचीच कोणी आणलीय."

लांब बाह्यांचा ब्लाउज घालून आलेल्या नंदाने करांचा परिच्छेद वाचला. गुन्ह्यांच्या परिच्छेदाशी ती थांबली. गेली दोन वर्षं ती बोलायच्या आधी अशीच थांबत आली होती.

"बाबा, आपल्या घरी कोणाला विचारलंत?"

"चारूला. विचारणारा मीच, म्हणून उत्तर त्याचं घेतलं. घरातल्या घरात फोन कशाला करायचा?"

"नंदा, डोन्ट स्टार्ट," चारुदत्त म्हणाला. आता तो हसत नव्हता.

तिने बाही कोपरापर्यंत सरकवली आणि मनगट कॅमेऱ्यासमोर धरलं. शैलाताईंचा हात खोबऱ्यातच राहिला.

"ते शून्य खोडा, बाबा. एक लिहा," ती म्हणाली. "मी पोलिसांत तक्रार करते आहे. आज."