एकाहत्तर वर्षांची किडनी

मित्रांनो, मी एक जुनी किडनी आहे, एकाहत्तर वर्षांची. माझी जुळी बहीण अजून माझ्यासोबत आहे.

शाहूवाडीकडच्या चिमणाबाईंच्या पोटात आम्ही वाढलो. त्या चिखलात वाकून भाताची रोपं लावत आणि आम्ही गुपचूप त्यांचं रक्त गाळत असू. आमचं नाव कधी कुणी काढलं नाही. आम्ही कधी दुखलोच नाही ना!

मागच्या श्रावणात लेक हंबीररावाच्या मोटारसायकलवरून त्या मागच्या मागे कोसळल्या. डोक्याला मार बसला. कोल्हापूरच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदू मृत झालाय. त्या आता नाहीत."

"आवं, छाती हलतीया की!" हंबीरराव ओरडला.

"ती यंत्रामुळं हलतेय, दादा."

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाईंनी अवयवदानाचं विचारलं, तेव्हा तर हंबीररावाला दुसरा धक्का बसला. "आईला बीपी हुता. एवढ्या म्हाताऱ्या बाईचं कोण काय घेणार?"

"पूर्वी आम्हीही वय ऐकूनच नको म्हणायचो. आता तपासून ठरवतो."

त्याची मुलगी राजनंदिनी हळूच म्हणाली, "अण्णा, आज्जी कुणाला कधी न्हाई म्हनली का?"

त्यानं सही केली.

तपासणीत आम्ही थकलेल्या, पण चांगल्या निघालो. एकटीला भार पेलणार नाही, म्हणून दोघींना एकाच माणसाच्या पोटात बसवायचं ठरलं. ते गडहिंग्लजचे व्यापारी रुद्राप्पा. वय अठ्ठावन्न, सहा वर्षं डायलिसिसवर. देणाऱ्याचं वय ऐकून ते ताडकन उठून बसले, असं मी नंतर ऐकलं.

"एकाहत्तर? माझ्यापरास थोरल्या माणसाच्या किडन्या?"

"तुमी काय विशीतलं हाय व्हय?" बायको गंगव्वा म्हणाली. "करा सही."

ऑपरेशन झालं. पण मधले काही तास रक्ताविना बर्फात काढल्यानं आम्ही पार बधिर झालो होतो. सात दिवस लघवीचा थेंब नाही! रुद्राप्पा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आठव्या सकाळी मात्र सिस्टर ओरडल्या, "पावणं, पिशवी भरली की!"

डायलिसिसमुळं पाणी घोटाघोटानं मोजून पिणारे रुद्राप्पा त्या दिवशी सहा वर्षांत पहिल्यांदा तांब्याभर पाणी प्यायले. पिता पिता रडले.

दात्याचं नाव सांगता येत नाही, हे कळल्यावर गंगव्वा दवाखान्याच्या अंगणात गेल्या आणि चारी दिशांना वळून हात जोडून आल्या.

मित्रांनो, कुणालाही जुनं म्हणून बाजूला सारण्याआधी एकदा तपासून बघा. आणि हा विषय घरच्यांशी आजच बोलून ठेवा. हंबीररावाला त्यासाठी एकच दुपार मिळाली होती.