मध्यंतरानंतरचं कळव

त्या पत्राला मी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. टेबलावर शब्दकोशाखाली, एक कोपरा बाहेर राहील असं ते ठेवलं होतं. विसरलो असं स्वतःलाही म्हणता येऊ नये म्हणून. रोज सकाळी चहाचा कप ठेवताना तो कोपरा दिसायचा आणि रोज मी म्हणायचो, आज नको, आज डोकं जरा जड आहे.

पत्र बाइंडरचं होतं. त्याला नाव आहे, पण छापखान्यात एकतीस वर्षं सगळे त्याला बाइंडरच म्हणत आणि मला मास्तर. तो पुस्तकं बांधायचा, मी मुद्रितं तपासायचो. शिकवलं मी कधी कुणाला नाही. चष्मा आणि गप्प बसणं एवढ्या भांडवलावर ती पदवी मिळाली होती. वहिनी गेल्यावर तो दुसऱ्या गावी लेकीकडे राहायला गेला. माझं लग्नच झालं नाही, त्यामुळे मला जायला कुठं नव्हतं.

"मास्तर," त्यानं लिहिलं होतं, आणि ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या, "लेकीबरोबर एक हिंदी सिनेमा बघायला गेलो. खुनाचा. फार रंगला होता. मध्यंतरानंतर पडद्यावर दूध सांडल्यासारखं दिसायला लागलं. तिथून थेट डोळ्यांच्या दवाखान्यात. उजवा गेला म्हणतात. डाव्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. असो. खुनी कोण ते राहून गेलं. माझ्यासाठी जावई मुद्दाम जाऊन बघून आला. विचारलं तर म्हणतो, शेवटी पकडतात एकाला. सोन्यासारखा माणूस आहे, पण गोष्ट सांगणं त्याला बापजन्मी जमायचं नाही. तू बघ आणि मध्यंतरानंतरचं कळव. इतकी वर्षं मी तुझ्यासाठी आधी बघून यायचो. एकदा तू जा."

ते खरंच होतं. मला रहस्य सोसत नाही. कादंबरीचंसुद्धा शेवटचं पान मी आधी वाचतो. पण सिनेमाची हौस दांडगी. म्हणून आमची एक रीत पडून गेली होती. शुक्रवारी बाइंडर एकटा जाऊन सिनेमा बघायचा, शनिवारी डबा खाताना खुनी कोण ते मला सांगायचा, आणि रविवारी आम्ही दोघं जायचो. तरीही मला भीती वाटायचीच. अंधाऱ्या जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की तो कानाशी म्हणायचा, "मिट." मी डोळे मिटायचो. संकट टळलं की माझ्या गुडघ्यावर दोन टिचक्या मारायचा. मग मी उघडायचो. सोमवारी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे विचारायचे, "काय मास्तर, काल किती दिसला?"

आधी भीतीपोटी मी सिनेमाला गेलो नाही. मग ऑपरेशनची तारीख उलटून गेली आणि लाज वाटायला लागली. आता कोणत्या तोंडानं लिहायचं? कसा आहेस म्हणून विचारायचं, तर उत्तर काय येईल याची धास्ती. फोन करता आला असता. पण फोनवर मला गप्प बसणंच जास्त चांगलं जमतं.

आमच्या भागातलं थिएटर सगळीकडे चालून झालेले सिनेमे लावतं. त्या सोमवारी दूध घेऊन येताना दारावर पोस्टर दिसलं. तोच सिनेमा. पिशवी हातात धरून मी बराच वेळ उभा राहिलो. दूध घरी ठेवलं आणि दुपारच्या खेळाला गेलो.

"एकच?" तिकीटवाल्यानं विचारलं.

"एकच."

"कुठं बसणार? आज सगळं थिएटर तुमचंच आहे."

विजेरी दाखवणाऱ्या बाईंनी मला मधल्या रांगेत नेलं. पुढं चार-पाच माणसं विखरून बसली होती. मी कडेची खुर्ची सोडून आतल्या खुर्चीवर बसलो, कडेची बाइंडरची. बसल्यावर लक्षात आलं, पण उठलो नाही.

सिनेमा एका डोंगरावरच्या हॉटेलातला होता. नवी नवरी बेपत्ता होते. संशय नवऱ्यावर, दिरावर, डॉक्टरवर, आचाऱ्यावर. मध्यंतरात मला घरी पळून जावंसं वाटलं. पण याच ठिकाणी बाइंडरला उठावं लागलं होतं. माझे दोन्ही डोळे शाबूत होते. बसून राहिलो.

शेवटी नवरीची बहीण कंदील घेऊन तळघरात उतरायला लागली. मागं एक दार हललं. व्हायोलिन चढत गेलं आणि मी डोळे मिटले. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, सवयीनं. किंकाळी आली, काहीतरी फुटलं, पुरुषाचा आवाज आला, धावपळ झाली. मी वाट बघत होतो. गुडघ्यावर टिचक्या पडतील मग उघडू, अशी खरोखरच वाट बघत होतो. उघडले तेव्हा पोलिसांची गाडी डोंगर उतरत होती. मागच्या काचेतून एका माणसाची पाठ दिसत होती.

बाहेर पडताना दाराशी त्या विजेरीवाल्या बाई होत्या. धीर करून विचारलं, "शेवटी कोण निघालं हो?"

"झोप लागली वाटतं काका?"

"तसंच काहीसं."

"मला कुठलं ठाऊक? शेवटाला मी दारं उघडायला बाहेर असते. तीस वर्षं नोकरी झाली. सगळ्या सिनेमांची सुरुवात मला पाठ आहे, शेवट एकाचाही नाही." मग हसून म्हणाल्या, "उद्या या परत. कळलं तर मलाही सांगा."

घरी आलो. आमटी गरम केली, खाल्ली नाही. शुक्रवारी बाइंडर असाच एकटा बसत असेल का, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं. त्याला कोण सांगत होतं, मिट म्हणून? मी त्याला कधी विचारलं नव्हतं. शनिवारी तो नुसता डबा उघडायचा आणि खुनी सांगून टाकायचा, "दिवाणजी." आणि भाजी वाढायचा.

दुसऱ्या दिवशी तिकीटवाल्यानं चष्म्यावरून बघितलं. "कालचेच ना तुम्ही? पैसे वसूल झाले नाहीत वाटतं."

या वेळी कंदील तळघरात उतरला तेव्हा मी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले. डोळ्यांत पाणी आलं, पण उघडे ठेवले. दारामागून जो बाहेर आला, त्याला मी आदल्या दिवशीही दोन तास बघत होतो आणि एकदाही बघितलं नव्हतं. हॉटेलचा म्हातारा कारकून. प्रत्येक प्रसंगात कोपऱ्यात मान खाली घालून काहीतरी लिहीत बसलेला. कुणी त्याला काही विचारलंच नव्हतं.

"काय मग?" दाराशी बाईंनी विचारलं.

"कारकून."

"तो चष्मेवाला? वाटत नाही हो तसा."

पत्र लिहायला बसलो. तीन कागद फाडले. पहिल्यात क्षमाच चार वेळा मागितली होती, दुसऱ्यात कारणं होती, तिसऱ्यात हवापाणी. चौथ्यात त्याच्याच रीतीनं सुरुवात केली.

"बाइंडर, कारकून. कोपऱ्यातला, चष्मेवाला, मान वर न करणारा. तू शेजारी असतास तर म्हणाला असतास, मास्तर, तुझाच भाऊ. तळघराच्या वेळी काल मी डोळे मिटले आणि उघड म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून आज पुन्हा गेलो. आज मिटले नाहीत. चार महिने लिहिलं नाही, त्याला तुझ्या डोळ्यांचं काय झालं असेल याची भीती हेच कारण. दुसरं सांगितलं तर ते खोटं असेल. तू शुक्रवारी एकटा बसायचास तेव्हा तुला भीती वाटायची का? हे तीस वर्षांत विचारलं नाही. हे पत्र तू वाचतो आहेस की लेक वाचून दाखवते आहे, ते कळव. काहीही असलं तरी कळव."

पत्र पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर दुरुस्त्या केल्या असत्या, आणि पाचवा कागद लागला असता. पाकिटावर पत्ता लिहून तिकीट लावलं, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेलो. पाकीट अर्धं आत सरकवून थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग सोडलं.