पाळणा थांबल्यावर

तटाला चिकटलेल्या आमच्या प्रत्येक घरात जमिनीवर पाण्याने भरलेली एक तांब्याची ताटली असते. पाणी थरथरलं की समजायचं, इराणी खालून भुयार खणताहेत. वेढा पडला की दारा शहराची हीच रीत. ताटलीला हात लावायचा नाही, तहानेने जीव गेला तरी.

शहेनशहाच्या माणसांनी आमचा ओढा वळवला. आमच्या रोमी कैसरची फौज मदतीला निघालीय असं सुरुवातीला सांगायचे, आता तेही कुणी सांगत नाही. माझं दूध आटलं. माझी लेक नुहरा अजून बसायलाही शिकलेली नाही. ती दिवसभर रडायची आणि मी तिचा लाकडी पाळणा पायाने डोलवत राहायची. पाळणा डोलला की फरशी हादरायची, अन् ताटलीतलं पाणीही.

पहारेकरी बरसौमाकाका घरोघरी ताटल्या बघत फिरायचे. पहिल्यांदा आले तेव्हा पाणी बघून गुडघ्यांवर बसले. मग पाळण्याकडे बघून हसले.

"सोसन, तुझी पोरगी इराण्यांपेक्षा जास्त खणते गं."

"थांबवू का?"

"नको. तिचं रडणं ऐकून तुझा नवरा तट सोडून खाली यायचा."

त्यानंतर ते दारातूनच विचारायचे, "पाळणाच ना?" मी म्हणायची, "पाळणाच."

आज दुपारी नुहरा रडायची थांबली. आधी मला बरंच वाटलं. मग पाय थांबवून वाकले. ओठ फाटलेले, टाळू खोल गेलेली. श्वास शोधावा लागला.

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "ताटलीतले दोन थेंब दे तिला. कोण बघतंय?"

मी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. पाळणा स्थिर होता. पाणी थरथरत होतं.

"आई, तुम्ही हललात का?"

"हलायला अंगात जीव कुठाय?"

मी दारात धावले. काका शेजारच्या घरातून निघत होते.

"काका, पाळणा थांबलाय."

"झोपली वाटतं. बरं झालं."

"पाणी थांबलं नाही."

ते आत येऊन आडवे पडले, फरशीला कान लावला. उठले तेव्हा माझ्याकडे बघेनात.

"तटाखालून आत आलेत. आणि मी रोज दारातूनच..."

हातातली काठी तिथेच टाकून ते चौकाकडे पळाले.

ताटलीचं काम संपलं होतं. मी ती उचलली, बोट बुडवून नुहराच्या ओठांवर टेकवलं. थेंब गालावरून ओघळून गेला. सासूबाईंनी तिचं डोकं वर धरलं. पुढचा तिने गिळला.

खालची कुदळ आता ताटलीशिवायही कळत होती.