ताईंनी घातलेली घडी

दार उघडताच म्हाताऱ्याने टोपी काढली आणि हात पुढे केला.

"ताई, एक्केचाळीस वर्षं उशीर झालाय. त्या अपघातातून वाचलेला पोरगा मी."

ताई भांडी घासता घासता उठून आल्या होत्या. हात पुसायचंही भान राहिलं नाही, ओल्या हातानेच त्यांनी त्याचा हात धरला.

विमानतळावरच्या त्या प्रशिक्षण शाळेत तसा रिवाजच होता. पॅराशूटला तिथे सगळे छत्रीच म्हणत. छत्रीने ज्याचा जीव वाचला, त्याने घड्या घालायच्या दालनात येऊन त्या छत्रीची घडी घालणारीशी हात मिळवायचा. युद्धाच्या दिवसांत तिथे ताई धरून बावीस जणी होत्या. लांबच लांब टेबलं, त्यावर पसरलेलं रेशीम, आणि अखंड बडबड. कुणाशी हात मिळवला गेला की बाकीच्या तिला आठवडाभर चिडवायच्या, "काय गं, हात धुतलास की तसाच ठेवलायस?" युद्ध संपलं, एकेक जण संसाराला लागली, आणि दालनात तिघीच उरल्या. ते दिवस आठवले की ताईंना अजूनही गलबलून येई.

शिकाऊ विमान पडलं ते युद्धानंतर तिसऱ्या वर्षी. आत शिकणारा पोरगा आणि त्याचे मास्तर. दोन्ही छत्र्यांच्या घडी घातल्याच्या चिठ्ठ्यांवर सही ताईंची. पोरगा वाचला, मास्तर गेले. चौकशी बंद दाराआड झाली. घड्या घालणाऱ्या बायकांना कोण काय सांगणार? छत्री उघडली नाही, की मास्तरांनी उडीच मारली नाही? विचारायचा ताईंना धीर झाला नाही. पोरगाही हात मिळवायला फिरकला नाही. म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं, असं त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच. निवृत्त होईपर्यंत त्या प्रत्येक घडी दोनदा तपासत राहिल्या.

आताही चहा ओतायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मास्तरांची छत्री?"

"होती तशी पाठीवर सापडली. त्यांनी उडी मारलीच नाही."

चहा ओतून ताई त्याच्यासमोर बसल्या. हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची शरमही वाटली.

"इंजिन बंद पडलं," तो सांगू लागला. "मास्तर ओरडले, उडी मार! मी आपला विमानाची कड धरून बसलोय. तीनदा ओरडले, शिव्या घातल्या. मला सोडून ते जाणार नव्हतेच. मी उडी मारली तेव्हा विमान पार खाली आलं होतं. माझी कशीबशी उघडली. त्यांना वेळच उरला नाही. कुठल्या तोंडाने तुमच्याकडे येणार होतो?"

त्याने कप बाजूला सारला.

"मी पहिल्याच हाकेला उडी मारली असती, तर त्यांची छत्री उघडली असती? घरचे म्हणतात, छत्रीतच दोष असेल, कशाला जिवाला लावून घेता. पण तुम्ही खरं सांगा. तेवढ्यासाठीच आलोय."

'काय सांगता येतं' एवढं म्हटलं असतं तरी त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. शब्द ताईंच्या ओठांवर आलेही होते. पण त्या सकाळी दोरी न् दोरी त्यांनी बोटांनी चाचपून पाहिली होती.

"उघडली असती," त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "बरं झालं. म्हणजे मास्तरांना चांगली छत्री मिळाली होती."

"चांगली होती," ताई म्हणाल्या. त्यांनी आपली खुर्ची त्याच्या खुर्चीजवळ ओढली.