फुरशाचं चित्र

ठाण्याचा कॉस्मास ख्रिस्ती देवळासाठी संतांच्या लाकडी मूर्ती कोरायचा. छापखानेवाल्या विठ्ठलरावांनी त्याची कला हेरली आणि त्याला पुस्तकांतली चित्रं छापायचे लाकडी ठोकळे कोरायला लावलं. त्या साली रावांनी शाळांसाठी विषारी सापांचं पुस्तक काढायला घेतलं. नाग झाला, मण्यार झाली. फुरशाची पाळी आली तेव्हा राव म्हणाले, "याला जरा फणा दे रे. वीतभर किड्याला कोण भिणार?"

कॉस्मासला ते पटलं नाही, पण मालकापुढे बोलायची छाती नव्हती. त्याने फणा कोरला.

पहिला छाप त्याने घरी नेला. त्याच्या बायकोला, ज्युलियानाला, वाचता येत नव्हतं. तिने कागद उजेडात धरला. "नाग ना हा?"

"फुरसं."

तिचा चेहरा उतरला. तिचा भाऊ मार्सेल कोलशेतच्या मिठागरावर फुरसं चावूनच गेला होता. "फणा नाही, म्हणजे विषारी नाही असं समजून त्याने ते पायाने बाजूला सारलं," ती म्हणाली. "हे बघून पोरंपण तेच करतील."

 दुसऱ्या दिवशी सकाळीच कॉस्मास कोलशेतला गेला. मिठागरावरच्या भिवाने बांधावर मारलेलं फुरसं त्याला मडक्यात घालून दिलं. ते समोर ठेवून कॉस्मासने ठोकळा उलटवला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नव्याने कोरायला बसला. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं वेटोळं, डोक्यावर बाणासारखी खूण, एकेक खरखरीत खवला.

नवा ठोकळा बघून राव भडकले. "तुला कुणी सांगितलं हे?"

"माझा मेहुणा यानेच गेला, राव." त्याने ठोकळा त्यांच्यापुढे सरकवला. "दुसरा कारागीर बघा हवं तर. माझ्या हातून फणा व्हायचा नाही."

रावांनी ठोकळा उचलून उजेडात न्याहाळला. मग त्यांनी खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला हाक मारली. "चित्राखाली मोठ्या टाइपात घे: याला फणा नसतो."

पुस्तक छापून आलं तेव्हा ज्युलियाना एक प्रत घेऊन माहेरी गेली. तिची आई, गर्ट्रूड, पानं उलटता उलटता थबकली. चित्रावर टेकलेलं बोट तिने झटकन मागे घेतलं.

"हेच ते," ती म्हणाली. पदराने डोळे पुसून ती दारात गेली, आळीतली पोरं हाका मारून गोळा केली आणि एकेकाला ते पान दाखवू लागली.