सासूबाईंचा कोंबडा

नोल्बेर्ता खोटं बोलली की समुद्रातला मासाही मान डोलवायचा. होंडुरासच्या किनाऱ्यावरून न्यू ऑर्लिअन्सला येऊन वसलेल्या गारिफुना जमातीच्या बायका शपथेवर सांगतात, तिनं एकदा शिळी नारळाची भाकर 'वादळात भिजलेली' म्हणून पाद्र्यालाच विकली. दुसऱ्या दिवशी पाद्री परत आला, तसलीच मागायला.

त्याच तोंडानं ती आता नवऱ्याशी फोनवर बोलत होती. लासिदोला इमिग्रेशनवाल्यांनी कोठडीत घातलं होतं, सुनावणीशिवायच. म्हणून फेडरल कोर्टात हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा कोठडीतून सोडवण्याचा, अर्ज केलेला. वकीलबाईंनी बजावलं होतं, "जज्जसाहेबांचा कल बरा दिसतोय. फक्त त्याला म्हणावं, आपणहून मायदेशी परत जायच्या कागदावर सही करू नकोस. केली, तर अर्जात काही राम उरणार नाही."

आणि नेमकी तिकडे होंडुरासमध्ये सासू वारली. कळलं तर हा सही करून धावत सुटेल, म्हणून नोल्बेर्तानं बातमी गिळली.

"आई स्वप्नात आली होती," लासिदो म्हणाला. "आंघोळीला पाणी मागत होती."

मेलेली माणसं अशीच स्वप्नात येऊन आंघोळीचं पाणी मागतात आणि घरच्यांनी ती आंघोळ घालायची असते, हे गारिफुनांच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नोल्बेर्तानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आख्खा समुद्र दाराशी आहे की तिच्या."

"चेष्टा नको गं. गेली का ती? खरं सांग."

"गेली? काल शेजारणीशी भांडत होती, कोंबड्यावरून. मी फोनवर ऐकलं. कोंबडासुद्धा तिचीच बाजू घेत होता."

तो हसला. किती दिवसांनी हसला.

पुढच्याच आठवड्यात जज्जचा हुकूम निघाला: सोडून द्या. नोल्बेर्ता त्याचा इस्त्री केलेला निळा सदरा घेऊन कोठडीच्या फाटकाशी गेली. पहारेकरी म्हणाला, "तो तर गेला, बाई. आपल्या हातानं सही करून. विमान कालच उडालं."

मग होंडुरासमधल्या गावाहून त्याचा फोन आला. मागं लाटा वाजत होत्या.

"तू म्हणालीस जिवंत आहे. जिवंत माणूस स्वप्नात पाणी मागतं, म्हणजे निघायच्या बेतात असतं. म्हटलं, तोंड तरी बघू." लासिदो म्हणाला. "गेली म्हणाली असतीस तर मी तिथंच बसलो असतो, बेर्ता. मेलेल्यांना कसली घाई? त्यांची आंघोळ वर्षानं घातली तरी चालते."

तिच्या मांडीवर सदरा होता. ती त्याची बटणं लावत राहिली, काढत राहिली.

"बेर्ता."

"हं."

"आई कोंबड्यावरून कशी भांडली, ते सांग ना परत."

नोल्बेर्तानं नाक पुसलं.

"तर शेजारीण म्हणाली," तिनं सुरुवात केली, "हा कोंबडा माझा. तुझी आई म्हणाली, मग त्यालाच विचार."